नळाचे पाणी घरी कसे तपासावे आणि दोष नेमका कुठे आहे हे कसे शोधावे

जलशुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडलेले पाणी आणि आपल्या पेल्यात पडणारे पाणी एकच असेल, असे गृहीत धरता येत नाही. केंद्रात तुरटी घालून गाळ खाली बसवतात, वाळूच्या थरांतून पाणी गाळतात, क्लोरीन देऊन जंतू मारतात. पण त्यानंतर तेच पाणी कित्येक किलोमीटर लांबीच्या जलवाहिन्यांतून, उंचावरच्या जलाशयांतून, रस्त्याखालच्या जुन्या सांध्यांतून आणि शेवटी आपल्या इमारतीच्या टाक्यांतून फिरत येते. या वाटेवर ते कुठेही बिघडू शकते. म्हणून घरात राहणाऱ्याने ‘शहराचे पाणी चांगले आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘पाणी कुठपर्यंत चांगले आहे आणि कुठून बिघडते’ असे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर थोड्या खर्चात आणि घरच्या घरी मिळू शकते. शिवाय तक्रार कोणाकडे करायची आणि दुरुस्ती कोणी करायची, हेही त्याच उत्तरातून ठरते.

गुणवत्तेचा अहवाल वाचताना

पाणीपुरवठा करणाऱ्या बहुतेक संस्था पाण्याच्या तपासणीचा अहवाल प्रसिद्ध करतात किंवा मागितल्यावर देतात. तो हाती आला की नमुने कुठून घेतले होते, हे सर्वांत आधी पाहावे. केंद्राच्या दारातले आकडे सहसा चांगलेच असतात. खरे बोलके आकडे म्हणजे वितरण व्यवस्थेच्या टोकाला, ग्राहकाच्या नळावर घेतलेल्या नमुन्यांचे. जंतूंच्या बाबतीत वार्षिक सरासरीवर समाधान मानू नये, कारण वर्षातला एक वाईट आठवडा सरासरीत सहज बुडून जातो. एकूण किती नमुन्यांपैकी किती नापास झाले आणि ते कोणत्या भागातले व कोणत्या महिन्यातले होते, हे स्पष्ट विचारावे.

देशोदेशीच्या नियमांत थोडाफार फरक असला तरी जागतिक आरोग्य संघटनेची मार्गदर्शक मूल्ये तुलनेला सोयीची आहेत. १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय हा जिवाणू अजिबात आढळता कामा नये; तो माणसांच्या आणि जनावरांच्या आतड्यांत राहत असल्यामुळे पाण्यात सापडला तर त्या पाण्यात विष्ठेचा अंश मिसळला आहे, असे समजावे. नायट्रेट लिटरमागे ५० मिलिग्रॅम, फ्लोराइड १.५ मिलिग्रॅम, आर्सेनिक ०.०१ मिलिग्रॅम आणि शिसे ०.०१ मिलिग्रॅम यांपेक्षा अधिक नसावे. गढूळपणा एनटीयू या एककात मोजतात. निर्जंतुकीकरण नीट व्हावे म्हणून तो १ एनटीयूच्या आत असावा लागतो, पण डोळ्याला गढूळपणा साधारण ४ एनटीयूच्या पुढेच जाणवू लागतो. याचा अर्थ असा की पेल्यात स्वच्छ दिसणारे पाणीसुद्धा निर्जंतुकीकरणाच्या दृष्टीने गढूळ असू शकते.

विरघळलेले एकूण क्षार, म्हणजे टीडीएस, या आकड्याला मात्र लोक उगीच घाबरतात. त्याचा संबंध मुख्यतः चवीशी आहे. लिटरमागे ६०० मिलिग्रॅमपर्यंत पाणी चवीला चांगले लागते, १००० च्या पुढे ते बेचव होत जाते. आरोग्यावर आधारलेली अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेने त्यासाठी घातलेली नाही. खिशातल्या टीडीएस मीटरला जंतू दिसत नाहीत आणि घातक प्रमाणातले शिसेही ओळखू येत नाही. शुद्धीकरण यंत्रे विकणारे काही जण दोन पेल्यांत विजेच्या तारा लावलेल्या धातूच्या कांड्या बुडवून दाखवतात. नळाचे पाणी क्षणात तपकिरी होते आणि यंत्राचे पाणी तसेच राहते. तो तपकिरी रंग पाण्यातल्या घाणीचा नसून त्या लोखंडी कांडीच्याच गंजाचा असतो. नळाच्या पाण्यात क्षार असल्यामुळे वीज वाहते आणि कांडी झिजते, तर क्षार काढून टाकलेल्या पाण्यात ती फारशी वाहत नाही, एवढीच त्या प्रयोगाची किमया.

उर्वरित क्लोरीन: घरी करता येण्याजोगे सर्वांत उपयोगी मोजमाप

क्लोरीन पाण्यातल्या जंतूंशी आणि सेंद्रिय घाणीशी झगडताना खर्च होतो. केंद्रात जाणूनबुजून थोडा जास्त क्लोरीन घालतात, तो वाटेत उरावा म्हणून. नळावर तो उरलेला आढळला तर वाटेत मोठी घाण मिसळलेली नाही, याला चांगला आधार मिळतो. एरवी आढळणारा क्लोरीन एके दिवशी अचानक नाहीसा झाला, तर वाटेत त्याला कशाने तरी खाल्ले आहे असे धरून चालावे. ग्राहकाच्या नळावर लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन, म्हणजे कशाशीही न जोडला गेलेला आणि जंतू मारायला मोकळा क्लोरीन, असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. ०.२ ते ०.५ या दरम्यानचा आकडा समाधानकारक समजावा. आरोग्याच्या दृष्टीने वरची मर्यादा ५ मिलिग्रॅम इतकी दूर असल्यामुळे क्लोरीनचा हलका वास आला म्हणून घाबरण्याचे कारण नाही. माझ्या मते तर वास अजिबात न येणे ही अधिक चौकशी करण्यासारखी बाब आहे.

हे साधे मोजमाप टाळल्यावर काय होते, ते कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या वॉकरटन या छोट्या शहराने मे २००० मध्ये पाहिले. जोरदार पावसानंतर शेजारच्या शेतातल्या शेणखताचा अंश पाणीपुरवठ्याच्या एका विहिरीत उतरला; सात जण दगावले आणि दोन हजारांहून अधिक लोक आजारी पडले. रोज क्लोरीन मोजणे अपेक्षित असताना तो मोजला जात नव्हता आणि नोंदवहीत काल्पनिक आकडे भरले जात होते, असे पुढे चौकशीत उघड झाले.

मोजण्यासाठी डीपीडी संच घ्यावा; डीपीडी हे क्लोरीनमुळे गुलाबी होणारे रसायन आहे. पिवळा रंग देणाऱ्या रसायनाचा जुना ओटी संच स्वस्त असतो आणि क्लोरीन आहे की नाही एवढे तो सांगतो. पण त्यातला पिवळा रंग मुक्त क्लोरीन आणि संयुक्त, म्हणजे अमोनियासारख्या पदार्थांशी जोडला गेलेला क्लोरीन, यांत नीट फरक करत नाही आणि त्यातले रसायनही अंगावर उडू देण्यासारखे नाही. डीपीडीची रीत सोपी आहे. नळ दोन मिनिटे वाहू द्यावा, संचातली काचेची नळी त्याच पाण्याने विसळावी आणि खुणेपर्यंत भरावी. गोळी बोटांनी न हाताळता पाकिटातून थेट नळीत टाकावी, ती विरघळली की नळी पांढऱ्या कागदासमोर दिवसाच्या उजेडात धरावी आणि आलेली गुलाबी छटा तक्त्याशी लगेच ताडून पाहावी. उशीर केला तर रंग गडद होत जातो आणि आकडा खोटा वाढतो. तपासलेले पाणी ओतून द्यावे. काही शहरांत क्लोरीनऐवजी क्लोरामाइन, म्हणजे क्लोरीन आणि अमोनिया यांचे संयुग, वापरतात. तिथे मुक्त क्लोरीन जवळजवळ शून्य दाखवला जातो, म्हणून एकूण क्लोरीन मोजणारी दुसरी गोळी लागते. आपल्या शहरात यांपैकी काय वापरतात, हे आधी विचारून घ्यावे.

एका ठिकाणचा आकडा फारसे काही सांगत नाही. खरी माहिती मिळते ती एकाच दिवशी, पाणी चालू असताना, वाटेवरच्या चार ठिकाणी मोजल्यावर. पहिले ठिकाण म्हणजे जलवाहिनीतून टाकीत न जाता थेट येणारा नळ, दुसरे तळाची टाकी, तिसरे गच्चीवरच्या टाकीतून उतरणारी पहिली तोटी आणि चौथे स्वयंपाकघरातला नळ. समजा, थेट नळावर ०.४, तळाच्या टाकीत ०.३ आणि गच्चीच्या टाकीनंतर शून्य असे आकडे आले, तर संस्थेच्या नावाने बोटे मोडण्यात अर्थ नाही. दोष गच्चीवर आहे. टाकी गरजेपेक्षा मोठी असेल आणि पाणी दोन-तीन दिवस पडून राहत असेल, उन्हाने तापत असेल किंवा तळाला गाळ असेल, तर तिथे क्लोरीन संपतो. उलट थेट नळावरच आकडा ०.२ च्या खाली असेल, तर शेजारच्या दोन-तीन घरांतही मोजावे. सगळीकडे तेच आढळले तर दोष मुख्य जलवाहिनीत किंवा त्याहून मागे आहे. फक्त आपल्याच घरी आढळला, तर जलवाहिनीपासून आपल्या दारापर्यंत आलेल्या जोडणीच्या नळीवर संशय घ्यावा.

जिथे पाणी दिवसातून काही तासच येते, तिथे या जोडणीच्या नळीकडे विशेष लक्ष द्यावे लागते. पुरवठा बंद असताना जलवाहिनीतला दाब उतरतो आणि ज्या फटीतून एरवी पाणी बाहेर झिरपते, त्याच फटीतून भोवतालच्या मातीतले, प्रसंगी गटारातले पाणी आत ओढले जाते. पाणी आल्यावरची पहिली काही मिनिटे हीच घाण नळातून बाहेर पडते. ते पाणी पिण्यासाठी किंवा टाकीत न घेता धुण्यापुसण्याला वापरावे. जलवाहिनीला थेट पंप जोडून पाणी ओढणे याच कारणासाठी घातक आहे: पंप आपल्या वाट्याचे पाणी वाढवतो तेव्हाच आपल्या आणि शेजाऱ्यांच्या नळीत बाहेरची घाणही शोषून घेत असतो. पंप लावायचाच असेल तर तो तळाच्या टाकीनंतर लावावा. बादलीत किंवा हौदात बुडवून ठेवलेली रबरी नळीसुद्धा दाब उतरला की उलटे पाणी ओढते, म्हणून तोटी आणि पाण्याची पातळी यांत नेहमी मोकळे अंतर ठेवावे.

रंग आणि वास

नळातून दुधासारखे पांढरे पाणी आले, तर ते काचेच्या पेल्यात घेऊन मिनिटभर ठेवावे. पांढरेपणा तळाकडून वर निवळत गेला तर ती केवळ मिसळलेली हवा आहे. तो वरून खाली बसत गेला तर तो गाळ समजावा. लालसर-तपकिरी पाणी बहुधा जुन्या लोखंडी वाहिनीतल्या गंजाचे असते आणि दुरुस्तीनंतर किंवा प्रवाहाची दिशा बदलल्यावर येते. ते काही तासांत निवळले नाही तर कळवावे, आणि तोवर कपडे धुऊ नयेत, कारण लोहाचे प्रमाण लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमच्या पुढे गेले की डाग पडतात. निळसर-हिरवे डाग तांब्याच्या नळ्या झिजत असल्याचे सांगतात, तर काळे कण मँगनीजचे किंवा झिजलेल्या रबरी वॉशरचे असू शकतात. कुजक्या अंड्यासारखा वास फक्त गरम पाण्याला येत असेल, तर दोष पाणी तापवण्याच्या यंत्रात शोधावा; वास पाण्याला आहे की मोरीच्या जाळीतून येतो आहे, हे पेला दुसऱ्या खोलीत नेऊन हुंगल्यावर कळते. सांडपाण्याचा वास आला तर मात्र कसलेही प्रयोग करत न बसता ते पाणी पिणे त्याच क्षणी थांबवावे.

शिशाला रंग, वास किंवा चव यांपैकी काहीच नसते. ते नदीच्या पाण्यातून क्वचितच येते; जुन्या शिशाच्या नळ्या, डाख आणि पितळी तोट्या यांतून ते पाण्यात उतरते. अमेरिकेतल्या फ्लिंट शहराने एप्रिल २०१४ मध्ये पाण्याचा स्रोत बदलला आणि नळ्यांची झीज रोखणारे रसायन नव्या पाण्यात घातले नाही. परिणामी जुन्या नळ्यांतले शिसे घराघरात पोचले. इमारत जुनी असेल तर रात्रभर नळीत साचलेले पाणी सकाळी वाहू देऊन मगच पिण्याचे पाणी भरावे आणि पिण्यासाठी किंवा रांधण्यासाठी गरम नळाचे पाणी घेऊ नये, कारण गरम पाण्यात शिसे अधिक उतरते.

प्रयोगशाळेसाठी नमुना

जंतूंच्या तपासणीचा निकाल पुष्कळदा पाण्यामुळे न बिघडता नमुना घेण्याच्या पद्धतीमुळे बिघडतो. बाटली प्रयोगशाळेकडूनच घ्यावी. तिच्यात सोडियम थायोसल्फेटचा अंश घातलेला असतो आणि तो क्लोरीनचे काम तिथेच थांबवतो, म्हणून ती बाटली विसळू नये. तोटीची जाळी काढावी, तोंड स्पिरिटने पुसून घ्यावे, पाणी दोन-तीन मिनिटे वाहू द्यावे. मग झाकणाच्या आतल्या बाजूला बोट न लावता बाटली भरावी आणि वर थोडी मोकळी जागा ठेवावी. बाटली बर्फात ठेवून शक्यतो सहा तासांत आणि फार तर चोवीस तासांत पोचवावी. शिशाच्या नमुन्याची रीत नेमकी उलट आहे: किमान सहा तास नळ न उघडता नळीत साचलेले अगदी पहिले पाणी घ्यायचे असते आणि जाळीही काढायची नसते. दोन्ही तपासण्या एकाच नमुन्यावर उरकण्याचा मोह टाळावा.

टाकी धुणे आणि निर्जंतुक करणे

चार ठिकाणच्या मोजमापात दोष टाकीत सापडला, तर ती रिकामी करून तळाचा गाळ उपसावा, भिंती ताठ ब्रशने घासाव्यात आणि घासलेले पाणी पूर्ण काढून टाकावे. साबण वापरू नये. बंदिस्त टाकीत, विशेषतः जमिनीखालच्या, प्राणवायू कमी असू शकतो. तिथे एकट्याने कधीही उतरू नये आणि बाहेर एक माणूस शेवटपर्यंत उभा असावा. क्लोरीनयुक्त पदार्थाबरोबर आम्ल किंवा अमोनिया असलेले स्वच्छतेचे द्रव मिसळले तर विषारी वायू निर्माण होतो, म्हणून ते टाकीच्या आसपासही आणू नयेत.

निर्जंतुकीकरणासाठी टाकीतल्या पाण्यात लिटरमागे सुमारे ५० मिलिग्रॅम क्लोरीन लागतो. सुमारे ३३ टक्के क्लोरीन असलेली ब्लिचिंग पावडर असेल, तर १००० लिटरच्या टाकीला १५० ग्रॅम, आणि ५ टक्क्यांचे हायपोक्लोराइटचे द्रावण असेल तर १ लिटर पुरते. पावडर थेट टाकीत टाकू नये. बादलीत कालवून चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ ओतावी. उघड्यावर राहिलेल्या जुन्या पावडरीचा जोर गेलेला असतो, याचा अंदाज डब्याचे झाकण उघडल्यावर येणाऱ्या वासावरूनही येतो. टाकी काठोकाठ भरली की घरातला प्रत्येक नळ क्लोरीनचा वास येईपर्यंत उघडावा, म्हणजे नळ्याही निर्जंतुक होतात. मग नळ बंद करून पाणी २४ तास तसेच ठेवावे. या काळात ते कोणी पिणार नाही, अशी सूचना इमारतीत लावावी. दुसऱ्या दिवशी टाकी रिकामी करून ताज्या पाण्याने विसळावी आणि भरावी. नळावरचा आकडा जलवाहिनीच्या आकड्याजवळ आला की पाणी वापरायला घ्यावे. झाकण घट्ट बसते का आणि ओसंडणाऱ्या पाण्याच्या नळीला बारीक जाळी आहे का, हे त्याच वेळी पाहावे. ती नळी थेट गटाराला जोडलेली असेल, तर टाकी कितीही वेळा धुतली तरी काम अर्धेच राहते.

दोष दूर होईपर्यंत पाणी उकळावे. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट, आणि दोन हजार मीटरपेक्षा उंच ठिकाणी तीन मिनिटे उकळले की जंतूंचा नाश होतो. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात १९९३ मध्ये क्लोरीनला दाद न देणाऱ्या क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे चार लाख लोक आजारी पडले. उकळल्याने तोही मरतो. मात्र नायट्रेट, आर्सेनिक आणि शिसे उकळण्याने जात नाहीत, उलट वाफ उडाल्यामुळे त्यांचे प्रमाण थोडे वाढते. यंत्र घ्यायचेच असेल तर आधी तपासणीचा निकाल हाती असावा: यूव्ही (अतिनील किरणांचा) दिवा निवळ पाण्यातच काम करतो, आरओ (अतिसूक्ष्म पडद्यातून पाणी दाबून गाळणारे यंत्र) क्षार आणि आर्सेनिक काढते पण बरेच पाणी वाया घालवते, आणि कार्बनचा फिल्टर क्लोरीन काढून टाकत असल्यामुळे त्यातून आलेले पाणी फार काळ साठवून ठेवू नये.

तक्रार, मीटर आणि गळती

‘पाणी खराब येते’ एवढीच तक्रार लिहिली तर ती बहुधा कागदावरच राहते. तारीख, वेळ, पाणी येऊन किती मिनिटे झाली होती, थेट नळावर क्लोरीन किती आढळला, शेजारच्या किती घरांत तेच आढळले आणि जवळपास खोदकाम चालू आहे का, हे सगळे लिहावे, पारदर्शक बाटलीतल्या पाण्याचे छायाचित्र जोडावे आणि तक्रारीचा क्रमांक घ्यावा. नमुना घेण्यासाठी कर्मचारी आला तर त्याला टाकीनंतरच्या नळाकडे न नेता थेट नळाकडे न्यावे. टाकीच्या पाण्याचा नमुना नापास झाला तर संस्था जबाबदारी आपल्यावर ढकलेल, आणि तिचे म्हणणे चुकीचेही असणार नाही. साधारणतः मीटरपर्यंतची किंवा आवाराच्या सीमेपर्यंतची नळी संस्थेची आणि पुढची मालकाची मानतात, पण नेमकी सीमा जोडणीच्या करारात पाहून घ्यावी.

गळती आणि दूषण बहुतेकदा एकाच छिद्रातून होत असल्यामुळे मीटर वाचता येणे हे पाणीपट्टीपुरते मर्यादित कौशल्य नाही. बहुतेक घरगुती मीटरांवर काळे आकडे घनमीटर दाखवतात, म्हणजे प्रत्येकी १००० लिटर, आणि लाल आकडे त्याचे अंश. रात्री टाक्या भरून झाल्यावर, पण पुरवठा चालू असताना, सगळे नळ बंद करून आकडा टिपावा आणि दोन तासांनी पुन्हा पाहावा. आकडा सरकला असेल तर मीटरनंतरची मुख्य झडप बंद करून तीच पाहणी करावी. आता तो थांबला तर गळती झडपेच्या पुढे घरात आहे. तरीही सरकत राहिला तर मीटर ते झडप या तुकड्यावर किंवा मीटरवर संशय घ्यावा. घरातली गळती शोधताना फ्लशच्या टाकीत थोडा खाण्याचा रंग टाकून अर्धा तास फ्लश न करता थांबावे. भांड्यात रंग उतरला तर आतले रबर बदलायला हवे. सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला सुमारे २० लिटर पाणी घालवतो, पण बिल अचानक फुगते ते बहुधा फ्लशमुळे किंवा जमिनीखालच्या नळीमुळे.

मीटरच जास्त दाखवतो असे वाटत असेल तर मोजून १०० लिटर पाणी भरावे आणि आकड्याशी ताडून पाहावे. नव्या घरगुती मीटरला नेहमीच्या प्रवाहात साधारण २ टक्क्यांपर्यंत फरक चालतो, आणि आपल्या मोजण्यातही तेवढी चूक होऊ शकते. फरक ५ टक्क्यांच्या बराच पुढे गेला तरच अधिकृत चाचणीचा अर्ज करावा. पाणी ठरावीक वेळीच येत असेल तर पाण्याच्या पुढे ढकलली जाणारी हवाही मीटर फिरवते. असा संशय असल्यास पाणी येण्याच्या क्षणी नळ उघडा ठेवून फुसफुस चालू असताना आकडा किती सरकतो ते चित्रित करावे आणि ती चित्रफीत अर्जासोबत जोडावी.